सरासरीत हरवलेले मूल

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



लहान मुलांच्या हातातील स्मार्टफोन हा आज घराघरांतील तक्रारीचा विषय झाला आहे. शाळेतील शिक्षक, अंगणवाडीतील सेविका, दवाखान्यातील डॉक्टर आणि घरातील आजी-आजोबा यांचे अन्य कोणत्याही प्रश्नावर एकमत होणे कठीण. या प्रश्नावर मात्र ते सहज होते. परंतु तक्रार म्हणजे ज्ञान नव्हे, आणि ज्ञानाचा आधार नसलेला कार्यक्रम फार काळ उभा राहत नाही. समाजवादी कार्यकर्त्यांमध्येही या विषयावर दोन मते ऐकू येतात. एका मतानुसार मोबाइल हे नव्या पिढीला पाजलेले विष असून कायद्याने बंदी घातल्याखेरीज तरणोपाय नाही. दुसऱ्या मतानुसार ही सुखवस्तू मध्यमवर्गाची ओरड आहे. ज्या देशात असंख्य मुलांच्या पोषणाचाच प्रश्न सुटलेला नाही, तेथे चळवळीने असल्या चिंतांच्या मागे धावू नये. या दोन्ही मतांना आपल्या सोयीचे संशोधन हवे असते, आणि नवल असे की दोघांनाही ते मिळते. विषय एक, आकडेवारी तीच, आणि निष्कर्ष मात्र परस्परविरोधी, असे का होते याचा उलगडा केल्यावाचून भूमिका घेणे धोक्याचे ठरेल. त्या उलगड्यासाठी एका डॉक्टरेटच्या संशोधनाची हकीकत उपयोगी पडण्यासारखी आहे.

एक प्रबंध आणि एक आकडा

२०१७ साली अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ जीन ट्वेंगी यांनी असे प्रतिपादन केले की, २०१२ च्या सुमारास अमेरिकन किशोरवयीनांच्या मनःस्थितीत, विशेषतः मुलींच्या, एकाएकी बिघाड दिसू लागला आणि त्याचे कारण स्मार्टफोन हे असावे. जगभर त्याचा गाजावाजा झाला. त्याच काळात इंग्लंडमध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठात एमी ऑर्बेन ही तरुण विद्यार्थिनी याच विषयावर डॉक्टरेटचे काम करीत होती. मोबाइल चांगला की वाईट, या प्रश्नाने तिने सुरुवात केली नाही. एकाच सर्वेक्षणाच्या आकडेवारीतून दोन प्रामाणिक संशोधक विरुद्ध निष्कर्ष कसे काढू शकतात, हा तिचा पहिला प्रश्न होता.

त्याचे उत्तर अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला अपरिचित नाही. २०११-१२ या एकाच वर्षी भारतात दारिद्र्यरेषेखाली किती लोक होते? तेंडुलकर समितीच्या पद्धतीने २१.९ टक्के; रंगराजन समितीच्या पद्धतीने २९.५ टक्के. देश तोच, माणसे तीच. रेघ कोठे ओढायची हे बदलले की कोट्यवधी माणसे गरीब ठरतात किंवा गरिबीतून सुटतात. मुलांच्या स्वास्थ्याच्या मोठ्या सर्वेक्षणांतही असेच घडते. मनःस्वास्थ्याविषयी डझनावारी प्रश्न असतात, पडद्यापुढील वेळाविषयी अनेक प्रश्न असतात, आणि कुटुंबाचे उत्पन्न, आईचे शिक्षण इत्यादी गोष्टींपैकी कोणत्या हिशेबात धरायच्या याचीही मुभा असते. यांतून निवड कशी करायची हे संशोधकाच्या हाती राहते, आणि निवडीबरोबर निष्कर्षही बदलतो.

ऑर्बेन आणि तिचे मार्गदर्शक-सहकारी अँड्रू प्रझिबिल्स्की यांनी २०१९ च्या जानेवारीत प्रसिद्ध केलेल्या निबंधात यावर एक तोडगा काढला. अमेरिकेतील दोन आणि ब्रिटनमधील एक अशा तीन सर्वेक्षणांतील ३,५५,३५८ किशोरवयीनांची माहिती त्यांनी घेतली. आणि सोयीची एक पद्धत निवडण्याऐवजी, समर्थनीय ठरू शकतील अशा सर्व पद्धतींचा पसारा मांडला. एकट्या ब्रिटिश सर्वेक्षणातच अशा पद्धतींची संख्या साठ कोटींच्या वर जात होती. तेथे त्यांतील नमुना काढून काम भागवावे लागले. या साऱ्या खटाटोपातून जे निघाले ते थोडक्यात असे: डिजिटल साधनांचा वापर आणि मनःस्वास्थ्य यांत उलटा संबंध आहे, वापर अधिक तेथे स्वास्थ्य किंचित कमी; परंतु मुलामुलांमध्ये स्वास्थ्याची जी तफावत आढळते, तिच्यापैकी अधिकात अधिक ०.४ टक्के तफावतीशीच या वापराचा संबंध जोडता येतो. तुलनेसाठी त्यांनी त्याच सर्वेक्षणांतील इतर गोष्टीही पाहिल्या. नियमित बटाटे खाणे आणि मनःस्वास्थ्य यांतील उलटा संबंध जवळजवळ एवढाच निघाला. चष्मा लावण्याचा संबंध याहून अधिक उलटा निघाला. उलट पुरेशी झोप आणि सकाळची न्याहारी यांचा अनुकूल संबंध कितीतरी मोठा होता.

बटाट्याची ही उपमा वृत्तपत्रांनी उचलून धरली, आणि मोबाइल निरुपद्रवी असल्याचे सिद्ध झाले, अशी समजूत अनेकांनी करून घेतली. प्रबंधाचे म्हणणे तसे नव्हते.

लहान आकड्याचा अर्थ

पहिली गोष्ट अशी की, लहान आकडा म्हणजे क्षुल्लक परिणाम, हे समीकरण नेहमी खरे नसते. १९८८ साली अमेरिकेतील २२,०७१ डॉक्टरांवर झालेल्या एका चाचणीचा वृत्तान्त प्रसिद्ध झाला. अर्ध्यांना अॅस्पिरिन आणि अर्ध्यांना निव्वळ दिखाऊ गोळी देण्यात आली होती. अॅस्पिरिन घेणाऱ्यांत १०४ जणांना हृदयविकाराचा झटका आला. दुसऱ्या गटात १८९ जणांना. वरील रीतीने तफावतीचा हिशेब मांडला तर अॅस्पिरिनचा वाटा एका टक्क्याच्या जेमतेम दहाव्या हिश्श्याएवढा भरतो. तरीही फरक इतका स्पष्ट मानला गेला की, दुसऱ्या गटाला औषधापासून वंचित ठेवणे अनैतिक ठरेल म्हणून चाचणीचा तो भाग मुदतीपूर्वी थांबविण्यात आला. अर्थात ती रीतसर चाचणी होती, तेथे कार्यकारणभाव सिद्ध होत होता. मुलांच्या सर्वेक्षणांतून केवळ सहसंबंध दिसतो. परंतु ०.४ हा आकडा पाहून निर्धास्त होणे चूक आहे एवढे यावरून नक्की कळते. ट्वेंगी, जोनाथन हाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० मध्ये ऑर्बेनच्या निबंधाला दिलेल्या उत्तरातही साधारण हाच आक्षेप घेतला होता.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. सरासरी हे एक पांघरूण असते; त्याखाली कोण गाढ झोपला आहे आणि कोण कुडकुडतो आहे, हे वरून दिसत नाही. नेदरलँड्समधील संशोधकांनी २०२० मध्ये ६३ किशोरवयीनांना आठवडाभर दिवसातून अनेकदा विचारून पाहिले की, समाजमाध्यमे चाळल्यानंतर मनाला कसे वाटते. ४६ टक्के मुलांना बरे वाटत होते, ४४ टक्क्यांना काहीच फरक पडत नव्हता, आणि १० टक्के मुलांना वाईट वाटत होते. पाहणी लहान आहे, तिच्यावर फार भार टाकता येणार नाही. पण तिने दाखविलेली दिशा बरोबर आहे. या तिन्ही गटांची सरासरी काढली तर ती शून्याच्या आसपास येईल, आणि त्या शून्यात दहा टक्के मुलांचे दुःख बेपत्ता होईल.

ऑर्बेनच्या पुढील कामानेही सरासरीचे पांघरूण हळूहळू बाजूला सारले. ब्रिटनमधील ८४,०११ व्यक्तींच्या माहितीवर आधारलेल्या २०२२ च्या निबंधात तिने व तिच्या सहकाऱ्यांनी दाखविले की, समाजमाध्यमांचा अधिक वापर आणि वर्षभरानंतर घटलेले समाधान यांचा संबंध सर्व वयांत सारखा नाही. मुलींमध्ये तो ११ ते १३ या वयात, मुलग्यांमध्ये १४ ते १५ या वयात आणि दोघांमध्येही पुन्हा १९ च्या सुमारास ठळक होतो. म्हणजे वयात येण्याचा काळ आणि घर सोडून बाहेर पडण्याचा काळ हे नाजूक काळ आहेत. मोबाइल वाईट की चांगला, हा प्रश्न अशा रीतीने मागे पडतो. कोणत्या मुलाला, कोणत्या वयात, कोणत्या परिस्थितीत, हा प्रश्न पुढे येतो. अमेरिकेतील कँडिस ऑजर्स यांनी तर २०१८ सालीच सांगितले होते की, या साधनांचा उपद्रव सर्व मुलांना सारखा होत नाही. ज्यांच्या वाट्याला आधीच विपन्नता आणि अस्थिरता आलेली असते त्यांनाच तो अधिक होतो. समाजवाद्याला हे ऐकून आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. दुष्काळही सर्वांवर सारखा पडत नाही.

हिशेबाची वही कोणाकडे?

या संशोधनात एक मोठी उणीव आहे, आणि ती संशोधकांच्या बुद्धीची नाही. मूल दिवसात किती वेळ आणि काय पाहते, याचे मोजमाप बहुतेक सर्वेक्षणांत मुलांना विचारूनच केले जाते. माणसाने स्वतःच्या वापराविषयी सांगितलेला अंदाज आणि यंत्रात झालेली प्रत्यक्ष नोंद यांचा मेळ जेमतेमच बसतो, असे २०२१ मध्ये अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेऊन दाखविण्यात आले आहे. खरी नोंद, क्षणाक्षणाची, बोटाच्या प्रत्येक हालचालीची, कंपन्यांकडे असते. विद्यापीठातील संशोधक अंधारात चाचपडतो आणि कंपनीला सर्व लख्ख दिसते. गिरणीतील कामगारांच्या आरोग्याची नोंदवही मालकाच्या कपाटात कुलूपबंद ठेवावी आणि बाहेर पंडितांनी कामगार आजारी आहेत की नाहीत यावर वाद घालावा, तसा हा प्रकार आहे.

त्या कपाटाचे दार २०२१ मध्ये किंचित उघडले गेले. फेसबुक कंपनीतून बाहेर पडलेल्या फ्रान्सिस हॉगन यांनी कंपनीचे अंतर्गत कागद जगापुढे आणले. कंपनीच्याच पाहणीत असे आढळले होते की, ज्या किशोरवयीन मुलींना आपल्या शरीराविषयी आधीच वाईट वाटत होते, त्यांच्यापैकी सुमारे एकतृतीयांश मुलींच्या मते इन्स्टाग्राममुळे ते वाईट वाटणे वाढले. कंपनीने या निष्कर्षाचा अर्थ ताणला जात असल्याचे म्हटले. म्हणणे खरे असो वा खोटे, ते तपासण्यासाठी लागणारी सर्व माहिती तिच्याजवळ होती आणि समाजाजवळ नव्हती, एवढे निर्विवाद आहे.

यामागील अर्थकारण समजून घेतले पाहिजे. १९७१ साली हर्बर्ट सायमन या अर्थतज्ज्ञाने म्हटले होते की, माहितीची विपुलता झाली की ज्याचा तुटवडा पडतो ते म्हणजे माणसाचे लक्ष. कारण माहिती लक्ष खाऊन जगते. १९७७ साली कॅनडातील डॅलस स्माइद यांनी मार्क्सवादी दृष्टीने याची दुसरी बाजू मांडली: प्रसारमाध्यमे कार्यक्रम विकत नाहीत, ती जाहिरातदारांना प्रेक्षकच विकतात. या दोन विचारांची प्रचिती आज रोज येते. फेसबुक आणि इन्स्टाग्राम चालविणाऱ्या मेटा कंपनीचे २०२३ सालचे उत्पन्न सुमारे १३,४९० कोटी डॉलर होते, आणि त्यातील सुमारे ९८ टक्के जाहिरातींतून आले होते. हार्वर्डच्या संशोधकांनी २०२३ मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात सहा मोठ्या समाजमाध्यमांनी केवळ अमेरिकेतील अठरा वर्षांखालील मुलांच्या बळावर जवळजवळ १,१०० कोटी डॉलरच्या जाहिराती मिळविल्या. त्यांपैकी २०० कोटींहून अधिक डॉलर बारा वर्षांपर्यंतच्या मुलांमुळे मिळाले. मुलाचे लक्ष हा जेथे कच्चा माल आहे, तेथे ते शक्य तितका वेळ धरून ठेवण्याची यंत्रणा उभी राहणारच. न संपणारी चित्रांची माळ, एक संपताच आपोआप सुरू होणारे दुसरे चलच्चित्र, पसंतीचे मोजले जाणारे अंगठे ही सारी त्या कारखान्याची अवजारे आहेत. या अवजारांपुढे दहा वर्षांच्या मुलाने संयम दाखवावा आणि तो नाही दाखविला तर दोष आईने घ्यावा, ही अपेक्षा अन्यायाची आहे.

बोलणारे माणूस आणि बोलणारा पडदा

आतापर्यंत किशोरवयीनांचा विचार झाला. त्याहून लहान मुलांच्या बाबतीत पुरावा अधिक स्पष्ट आहे, कारण तेथे यंत्रणा समजते. २००३ साली पट्रिशिया कूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील नऊ महिन्यांच्या बालकांना चिनी भाषा ऐकविली. काही बालकांपुढे चिनी बोलणारी माणसे प्रत्यक्ष बसून खेळत-बोलत होती; काहींना त्याच माणसांची चित्रफीत दाखविली गेली. प्रत्येकी पंचवीस मिनिटांच्या बारा बैठकी झाल्या. माणसांच्या सहवासातील बालके त्या परभाषेतील ध्वनींचे भेद ओळखू लागली. चित्रफीत पाहणारी बालके काहीही शिकली नाहीत. शब्द तेच, आवाज तोच. उणीव होती ती समोरून मिळणाऱ्या प्रतिसादाची.

कॅनडातील कॅल्गरी येथे शेरी मॅडिगन यांनी २,४४१ मातांची व मुलांची सलग माहिती घेतली. २०१९ च्या त्यांच्या निबंधानुसार, दोन आणि तीन वर्षे वयाला पडद्यापुढे अधिक वेळ घालविणाऱ्या मुलांचे पुढील विकासचाचणीतील गुण कमी आले. विकासात मागे असलेली मुले नंतर पडद्याकडे अधिक वळली, असा उलटा क्रम मात्र आढळला नाही. ऑस्ट्रेलियातील २२० कुटुंबांच्या २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मुलांच्या अंगावर ध्वनिमुद्रक ठेवून घरातील बोलणेच मोजले गेले. तीन वर्षांच्या वयाला पडद्याच्या प्रत्येक वाढीव मिनिटामागे मुलाच्या कानावर मोठ्या माणसांचे सरासरी ६.६ शब्द कमी पडत होते आणि मूल स्वतःही कमी बोलत होते. पडदा मुलाच्या मेंदूत विष कालवतो असे येथे कोणी म्हटलेले नाही. पडदा जी जागा घेतो ती कशाची होती, हा खरा मुद्दा आहे.

डोळ्यांच्या बाबतीतही असेच आहे. चीनमधील ग्वांगझू शहरात बारा शाळांत एक प्रयोग झाला. निम्म्या शाळांतील मुलांना रोज चाळीस मिनिटे अधिक काळ मोकळ्या मैदानावर नेण्यात आले. २०१५ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षानुसार, तीन वर्षांनी इतर शाळांतील ३९.५ टक्के मुलांना लघुदृष्टीचा दोष जडला होता, तर मैदानावर नेलेल्या मुलांत हे प्रमाण ३०.४ टक्के होते. कोणाच्याही हातून काहीही काढून घेतले गेले नव्हते. मुलांना ऊन आणि मैदान देण्यात आले होते, एवढेच. अर्थशास्त्रात कोणत्याही वस्तूची खरी किंमत म्हणजे तिच्यासाठी सोडून द्यावी लागणारी दुसरी वस्तू. मोबाइलची मुलाला पडणारी किंमतही याच मापाने मोजावी लागेल: गेलेली झोप, गेलेले मैदान, गेलेला संवाद.

भारतातील मूल

हे सारे संशोधन परदेशातील आहे, आणि ते जसेच्या तसे येथे लागू करता येणार नाही. तेथील सर्वेक्षणे असे गृहीत धरतात की मुलाजवळ स्वतःचा मोबाइल आहे. ग्रामीण भारतात मोबाइल बहुधा घराचा असतो, आणि घराचा म्हणजे घरातील पुरुषांचा. ‘असर’च्या २०२३ च्या पाहणीत २६ राज्यांतील २८ जिल्ह्यांमधील १४ ते १८ वयाच्या ३४,७४५ मुलामुलींना भेटण्यात आले. स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलग्यांपैकी ४३.७ टक्क्यांकडे स्वतःचा फोन होता, मुलींपैकी १९.८ टक्क्यांकडेच. एकीकडे अतिवापराची चिंता आणि दुसरीकडे मुलीच्या हाती ज्ञानाचे साधनच न देण्याची जुनी रीत, हे दोन्ही एकाच गावात, कधी एकाच घरात नांदते. ‘मोबाइल बंद करा’ ही सरसकट घोषणा अशा घरात सर्वप्रथम मुलीवर लागू होईल, हे कार्यकर्त्याने विसरू नये.

मोबाइल घरात आला तो चैनीसाठीच, असेही म्हणता येत नाही. २०१४ साली एक जीबी डेटासाठी सरासरी सुमारे २६९ रुपये मोजावे लागत; २०१८ मध्ये तोच सुमारे १२ रुपयांना मिळू लागला. मार्च २०२० मध्ये महासाथीमुळे शाळा बंद झाल्या आणि शासनाने व शाळांनीच अभ्यास मोबाइलवर पाठविला. ‘असर’च्या पाहणीत स्मार्टफोन असलेल्या घरांचे प्रमाण २०१८ मधील ३६.५ टक्क्यांवरून २०२१ मध्ये ६७.६ टक्क्यांवर गेले. अनेक कुटुंबांनी कर्ज काढून वा दागिना मोडून फोन घेतला तो मुलाचे वर्ष वाया जाऊ नये म्हणून. शाळा पुन्हा उघडल्या, पण फोन काही परत गेला नाही. २०२४ च्या पाहणीत, स्मार्टफोन वापरता येणाऱ्या १४ ते १६ वयाच्या मुलांपैकी ५७ टक्क्यांनी आदल्या आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरल्याचे सांगितले. समाजमाध्यमांसाठी वापरणारे सुमारे ७६ टक्के होते.

आता त्याहून लहान मुलाकडे वळू. त्याच्या हाती मोबाइल का दिला जातो? केंद्र सरकारच्या २०२४ च्या कालवापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटे विनामोबदला राबतात, पुरुष ८८ मिनिटे. घरातील मुलांची व इतरांची काळजी घेण्यात स्त्रियांची १३७ मिनिटे जातात, पुरुषांची ७५. शेतावरून किंवा कारखान्यातून परतलेली आई चुलीपाशी बसते तेव्हा दोन वर्षांच्या मुलाला सांभाळायला दुसरे कोणी नसते. पूर्वी ओसरी होती, शेजार होता, आत्या-काकू होत्या. आता दहा बाय दहाची खोली आहे. त्या खोलीत मोबाइल हा सर्वांत स्वस्त पाळणा ठरतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितले की दोन वर्षांखालील मुलाला पडदा दाखवू नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला तासाहून अधिक दाखवू नये. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्लाही जवळजवळ हाच आहे. सल्ला योग्यच आहे. परंतु ज्या आईला उसंतच नाही, तिच्यासाठी तो सल्ला राहत नाही, तो ठपका होतो.

म्हणून भारतात या विषयावर डॉक्टरेट करू इच्छिणाऱ्या तरुणांनी परदेशी प्रश्नावलीचे भाषांतर करून तास मोजत बसू नये. सामायिक फोनवर मुलगी काय पाहते आणि तिच्यावर कोण नजर ठेवते? आईच्या कामाच्या पाळीचा आणि मुलाच्या पडद्यापुढील वेळेचा काय संबंध आहे? ज्या वस्तीत मैदान, वाचनालय किंवा पाळणाघर आहे, तेथील मुले आणि ज्या वस्तीत यांपैकी काहीच नाही तेथील मुले यांच्यात काय फरक पडतो? या प्रश्नांची उत्तरे बाहेरून आयात होणार नाहीत.

चळवळीचे काम

या विवेचनातून जो कार्यक्रम निघतो त्याची तीन अंगे आहेत. पहिले अंग कायद्याचे. मुलांची वैयक्तिक माहिती वापरून त्यांचा माग काढणे आणि त्यांना हेरून जाहिराती दाखविणे यांस २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने मनाई केली आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि मुख्य बंधने लागू होण्यास आणखी अठरा महिन्यांची मुदत ठेवली गेली. ही मनाई कागदावर राहू नये यासाठी संसदेत आणि बाहेर पाठपुरावा हवा. युरोपीय संघाच्या २०२२ च्या डिजिटल सेवा कायद्याने मान्यताप्राप्त संशोधकांना मोठ्या कंपन्यांकडील माहिती मागण्याचा हक्क दिला आहे. तो भारतीय विद्यापीठांनाही मिळाला पाहिजे. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास मनाई केली. त्या प्रयोगाचे फलित अभ्यासावे. परंतु त्यातील एक तत्त्व आत्ताच घेण्याजोगे आहे. तेथे दंड, तोही ४ कोटी ९५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत, कंपनीला आहे. मुलाला किंवा आईबापांना नाही.

दुसरे अंग सार्वजनिक सोयींचे. पन्नास किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांत पाळणाघर हवे, असे २०१७ च्या दुरुस्तीने मातृत्वलाभ कायद्यात घातले. असंघटित क्षेत्रातील बहुसंख्य मातांना त्याचा स्पर्शही होत नाही. १९७५ पासून चालत आलेली अंगणवाडी दिवसातील काही तासच उघडी असते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडच्या परिसरात आदिवासी मुलांसाठी अंगणातच बालवाडी भरविली, गुरांमागे जाणाऱ्या मुलांसाठी कुरणात शाळा नेली. मूल जेथे असेल तेथे बोलणारे, गाणारे, खेळणारे माणूस पोहोचले पाहिजे, हे तत्त्व त्यांनी प्रत्यक्षात आणून दाखविले. कूल यांच्या प्रयोगाने जे सिद्ध केले ते या दोघींनी कित्येक वर्षे आधी ओळखले होते. अंगणवाडीची वेळ वाढविणे, सेविकांना पुरेसे वेतन देणे, वस्तीतील मोकळी जागा बिल्डरच्या घशात जाऊ न देणे, गावातील वाचनालय संध्याकाळी उघडे ठेवणे या मागण्या मोबाइलच्या प्रश्नाशी असंबद्ध वाटतील. त्याच त्याच्या मुळाशी आहेत.

तिसरे अंग गावाच्या स्वतःच्या निर्णयाचे. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने १५ ऑगस्ट २०२२ पासून एक रीत सुरू केली. संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजतो आणि दीड तासासाठी घरोघरचे टीव्ही व मोबाइल बंद होतात. मुले अभ्यासाला बसतात. या प्रयोगाचा विशेष असा की, त्यात मोठ्या माणसांचा मोबाइलही बंद होतो. वडिलांनी स्वतः पडद्यात डोके खुपसून मुलाला उपदेश करायचा, ही विसंगती तेथे टळते. शिवाय एकट्या मुलाला वंचित झाल्यासारखे वाटत नाही, कारण त्याचे सवंगडीही त्याच्यासारखेच असतात. एकेका घराला जे साधत नाही ते गावाने एकत्र येऊन साधावे, याला सहकार म्हणतात, आणि सहकार महाराष्ट्राला नवा नाही. मात्र त्या दीड तासात मुलाशी बोलायला, त्याला गोष्ट सांगायला, त्याच्याबरोबर खेळायला माणसे लागतात. सेवा दलाच्या सायंशाखा ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हे काम काय असते ते वेगळे सांगावयास नको.

एका प्रबंधाने ०.४ हा आकडा काढला म्हणून कोणी निर्धास्त होऊ नये, आणि एखाद्या पुस्तकाने एक पिढी बरबाद झाल्याचे सांगितले म्हणून कोणी आईच्या हातून मोबाइल हिसकावून घेण्यासही धावू नये. सरासरीतून जे मूल निसटते, म्हणजे अकरा-बारा वर्षांची एकाकी मुलगी, कामगार वस्तीतील बंद खोलीतील दोन वर्षांचे मूल, महासाथीत शाळा तुटलेला मुलगा, त्याचा शोध घेणे हे संशोधनाचे काम आहे. त्याच्या वाट्याला माणूस, मैदान आणि वेळ यावा यासाठी झगडणे हे चळवळीचे काम आहे. त्याची सुरुवात प्रत्येक शाखेला आपल्या वस्तीतच करता येईल. येत्या महिन्यात आपल्या भागातील अंगणवाडी किती तास उघडी असते, खेळायला मोकळी जागा किती उरली आहे आणि संध्याकाळी मुले कोठे असतात, एवढ्या तीन गोष्टींची नोंद कार्यकर्त्यांनी घरोघर फिरून केली, तरी पुढील ग्रामसभेत किंवा वॉर्डाच्या बैठकीत मांडायला पुरेसे काही हाती येईल.